बैलाच्या कष्टाचं नको

(दृश्य : मंडई. ओल्या मातीसकट मांडलेले कंद, बाजूला अळूच्या जुड्या.)

गणपती बसले, मोदक झाले. संध्याकाळी मंडईत भाजीचे वाटे लागतात. सुरणाचा तुकडा, अळकुड्या, लाल माठाचे जाड देठ, भोपळ्याची फोड, दोन भेंड्या, एक पडवळ, मक्याचं कणीस. उद्या भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. अरुंधतीसह सप्तर्षींची पूजा होईल आणि नैवेद्याला ही ऋषीची भाजी असेल.

हिचा नियम एकच : बैलाच्या श्रमाचं खायचं नाही.

म्हणून नांगरलेल्या शेतातलं धान्य त्या दिवशी वर्ज्य. चालतं ते परसात कुदळीनं खणून लावलेलं, मांडवावर चढलेलं, रानात आपसूक उगवलेलं. भाताऐवजी वरीचे तांदूळ. कुठे मिळालाच तर पाणथळ जागी न पेरताच उगवणारा देवभात.

(दृश्य : चुलीवर पातेलं. भाजी नुसत्या पाण्यात शिजते आहे.)

या भाजीला फोडणी नसते. कारण साधं आहे. तेल घाण्याचं, आणि घाणा ओढायचा बैल. गूळही नाही, कारण उसाचा चरक बैलच फिरवायचा. उरलं काय? हिरवी मिरची, ओलं खोबरं, चिंच. मीठ बहुतेक घरी चालतं. मिठागरात ते माणसाच्या हातापायांनीच पिकतं. चिंच चवीपुरती नाही बरं का, अळूची आणि सुरणाची खाज तीच मोडते.

या व्रताच्या कहाणीत एक बैल आहे. मुलाच्या घरी बाप बैल होऊन जन्माला आलाय, आई कुत्री होऊन. श्राद्धाच्या खिरीत सापानं गरळ टाकलेलं तिनं पाहिलं, ब्राह्मण मरू नयेत म्हणून भांड्याला तोंड लावलं, आणि सुनेनं तिला जळतं कोलीत मारलं. रात्री ती गोठ्यात बैलाकडे जाऊन रडते. बैल म्हणतो, मलाही आज दिवसभर तोंड बांधून जुंपलं, चारा नाही, पाणी नाही. मुलगा हे ऐकतो.

त्या दोघांना हा जन्म का मिळाला, याचं कारण कहाणी बाईच्या विटाळात शोधते. ते मला मान्य नाही, आणि आज कुणीच मान्य करू नये. पण गोठ्यातलं ते बोलणं मी सोडू शकत नाही. ज्याच्या मानेवर जू ठेवलं तो आपला बापही असू शकतो, हे आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आणि त्या दिवशी त्याच्या घामाचं ताटात घेतलं नाही.

महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी श्रावण अमावास्येला पोळा असतो. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवायची आणि पाचव्या दिवशी त्याच्या कष्टाचं खायचं नाही. मला हे दोन्ही सण एकाच मनातून आलेले वाटतात.

आता शेतात ट्रॅक्टर आहे, तेल गिरणीतून येतं. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर फोडणी द्यायला हरकत नाही. तरी कोकणातल्या, मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी तेलाची बरणी फडताळातच राहते.

(दृश्य : पातेल्याचं झाकण निघतं.)

पहिला घास थोडा मिळमिळीत लागतो. मग मक्याची गोडी येते, माठाच्या देठातला रस येतो, मागून चिंच. सुरण सुरणासारखा लागतो, भोपळा भोपळ्यासारखा. पातेलं मोठंच लावलेलं असतं. शेजारी एक वाटी जाते, आणि संध्याकाळी उरलेली भाजी दुपारपेक्षा चांगली लागते.