बाजारभावाची एक ओळ वाचताना

(निफाड तालुक्यातल्या कृषी महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, आज सकाळी मोबाइलवर कांद्याचा भाव कुणी कुणी पाहिला? हात वर करा. बघा, जवळपास सगळ्यांनीच. आणि पाहिलंत काय, तर ‘जास्तीत जास्त’. घरात तोच आकडा बोलला जातो, ग्रुपवर तोच फिरतो, आणि ट्रॅक्टर भरून वडील निघतात तेव्हा त्यांच्या मनातही तोच असतो. त्या ओळीतले बाकीचे रकाने आज आपण वाचूया.

राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर ही ओळ रोज येते. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट २००० साली सुरू झालं, तिथे देशभरातल्या बाजारांची अशीच माहिती मागच्या तारखांसकट मिळते. एक पैसा लागत नाही. मी शिकत होते तेव्हा अशा आकड्यांसाठी बाजार समितीत जाऊन रजिस्टरं हातानं उतरवून घ्यावी लागायची. म्हणून ही ओळ कुणी नुसती वरवर पाहून सोडून दिली की मला खरंच वाईट वाटतं.

सर्वसाधारण दर म्हणजे काय? समजा कमीत कमी ७००, जास्तीत जास्त २१००, आणि सर्वसाधारण १५००. पुष्कळ जण सातशे आणि एकवीसशेची बेरीज करून निम्मं करतात, १४०० काढतात आणि साइटवरचा आकडा चुकला म्हणतात. चुकलेला नसतो. त्या दिवशी ज्या भावाच्या आसपास सगळ्यात जास्त माल गेला, तो हा दर. एकवीसशेचा भाव एखाद्या ट्रॉलीलाही मिळालेला असू शकतो. सातशे म्हणजे बहुतेक गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किंवा डागी माल. तुमचा माल मध्यम असेल तर तुमचा रकाना शेवटचा आहे.

परिमाणाचा रकाना तर कुणी बघतच नाही. एका विद्यार्थिनीनं कोथिंबिरीवर प्रकल्प केला होता. चार बाजारांचे दर एका आलेखात मांडले, आणि एका ठिकाणची रेघ पार जमिनीला टेकलेली. तिनं निष्कर्ष लिहिला, तिथे शेतकऱ्याची लूट होते. लूट होतेही कधी कधी, पण इथे गोष्ट वेगळी होती. त्या बाजारात नोंद ‘नग’ अशी होती, म्हणजे दर जुडीचा, आणि बाकीच्या तिन्ही ठिकाणी क्विंटलचा. सहा महिन्यांची मेहनत एका शब्दाकडे न पाहिल्यानं वाया गेली. तिनं सगळं पुन्हा केलं, आणि चांगलं केलं.

आता मोकळ्या तारखा. आवकेचा आलेख काढताना ज्या दिवशी नोंद नाही तिथे शून्य टाकू नका. आपल्या जिल्ह्यात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची रीत वर्षानुवर्षं होती. तुम्हाला हे घरात बसून माहीत आहे, पण दिल्लीत बसून हेच आकडे वाचणाऱ्याला कुठून माहीत असणार? सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. त्या दिवसांत माल नव्हता असं नाही. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या जागेत होता, सडत होता, आणि तक्त्यात त्याची एक ओळही नाही. तक्ता लिलाव मोजतो, कांदा मोजत नाही.

याच वर्षाजवळ थोडं थांबूया. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. २८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली कांदा बाहेर विकता येत नाही तो भाव, टनाला ८०० डॉलर झालं. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क घेऊनच. सप्टेंबर २०२४ मध्ये ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. या तारखा मी वर्तमानपत्राच्या कात्रणांतून सांगत नाही. बंदी आणि किमान मूल्याच्या अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहेत, शुल्काच्या अर्थ मंत्रालयाच्या. दोन वेगळी खाती, म्हणून एकाच ठिकाणी शोधलं तर निम्मी गोष्ट हातातून सुटते. या तारखांच्या उभ्या रेघा लासलगावच्या सर्वसाधारण दराच्या आलेखावर मारा. ‘सरकारनं भाव पाडला’ हे आपण चौकात बसून म्हणतो. कोणत्या रेघेनंतर किती दिवसांनी किती पडला, आणि कोणती रेघ येण्याआधीच घसरण सुरू झाली होती, हे तुम्हाला कागदावर दाखवता आलं पाहिजे. तुम्ही नाही दाखवलं तर दुसरं कोण दाखवणार?

निर्यातीचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या माहितीकोशात मिळतात. तिथे ‘कांदा’ असं नाव टाकून भागत नाही, मालाचा सांकेतांक लागतो. ताजा कांदा ०७०३ मध्ये येतो, वाळवलेला ०७१२ मध्ये. गुजरातेत महुव्याला कांदा वाळवायचे इतके कारखाने आहेत; फक्त ०७०३ बघितलंत तर तो सगळा उद्योग तुमच्या अभ्यासातून गायब. या सांकेतांकाचे पहिले सहा आकडे जगभर एकच असतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापाराच्या माहितीकोशात तोच टाकून बांगलादेशानं आपल्याकडून किती कांदा घेतल्याचं नोंदवलं, तेही पाहता येतं. आपली निर्यात आणि त्यांची आयात तंतोतंत जुळत नाही. तो फरक का पडतो, यावर एक अख्खा प्रबंध होईल. आणि बंदीच्या महिन्यांत निर्यात शून्य दिसली नाही म्हणून चक्रावू नका. सरकारनं बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, श्रीलंका अशा काही देशांना ठरावीक कांदा पाठवायला परवानगी दिली होती.

अन्न व कृषी संघटनेचं फाओस्टॅट तुम्हाला १९६१ पासूनचं जगाचं उत्पादन देतं. तिथे आकड्याशेजारी एक अक्षर असतं. ‘ए’ असेल तर तो त्या देशानं अधिकृतपणे दिलेला, ‘ई’ असेल तर अंदाजानं काढलेला, ‘आय’ असेल तर मोकळी जागा भरण्यासाठी गणितानं बसवलेला. उतरवताना अक्षरही उतरवा. शिवाय वर्षाची गडबड आहे. आपलं पीकवर्ष जुलै ते जून, निर्यातीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि फाओस्टॅटचं जानेवारी ते डिसेंबर. रांगडा कांदा जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, उन्हाळ कांदा मार्चनंतर, आणि चाळीतून दिवाळीपर्यंत विकला जातो. एकाच वावरातला कांदा तीन तक्त्यांत तीन वेगवेगळ्या वर्षांत जाऊन बसू शकतो.

बाकीचं झटपट सांगते. कृषिकोश या संकेतस्थळावर राहुरीसह आपल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे शोधा. कोकणातून आलेल्यांनी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे किनाऱ्यावर उतरवलेल्या मासळीचे आकडे पाहावेत. विदर्भातल्या मुलांसाठी तर भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि त्यांचा खनिजांवरचा वार्षिक ग्रंथ संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो.

एक विद्यार्थी मागे माझ्याकडे पत्र्याचा डबा घेऊन आला होता. आत आजोबांनी जपून ठेवलेल्या हिशोबपट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर बाजारात मिळणाऱ्या पावत्या, रबर लावून, वर्षवार. हमाली, तोलाई, वजन, भाव, हातात आलेली रक्कम. आम्ही दोघांनी बसून प्रत्येक पट्टीच्या तारखेला त्याच बाजारातला सर्वसाधारण दर साइटवरून काढला आणि शेजारी लिहिला. बहुतेक पट्ट्या त्या दराच्या जवळपासच होत्या. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या पट्ट्या दरवर्षी बऱ्याच खाली. त्यानं घरी विचारलं. आजी म्हणाली, चाळीची एक बाजू गळायची, तिकडचा कांदा आम्ही तेव्हाच काढायचो.

तुमच्याही घरी असा डबा असेल. पुढच्या सोमवारी येताना घेऊन या, आपण इथेच टेबलं लावून बसू.