मालिकेतला नाटकवाला कसा ओळखायचा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. व्याख्यानमालेत यंदा मालिकांवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीतल्या एक-दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, हे माझ्या कानावर आलंय. ते दोघेही आज पुढच्याच रांगेत बसलेत, आणि संध्याकाळी सातनंतर त्यांच्या घरी टीव्हीवर काय लागलेलं असतं तेही मला माहीत आहे. तेव्हा सरळ विषयाला हात घालते.

घरोघरी एक खेळ चालतो. मालिका चालू असते. दोन मिनिटांसाठी एक वकील येतो, काहीतरी नोटीस-बिटीस देतो आणि जातो. लगेच कुणीतरी म्हणतं, "अगं, ह्याला कुठंतरी पाहिलंय!" मग मालिका राहते बाजूला आणि शोध सुरू होतो. शिवाजी मंदिर नाट्यगृहात? नाही, गडकरी रंगायतनला. तो नव्हता का, त्या नाटकात, मधला भाऊ? नाव आठवेपर्यंत वकीलसाहेब कथेतून कायमचे गेलेले असतात.

ओळखीचा चेहरा आठवणं हा या खेळाचा सोपा भाग झाला. चेहरा अजिबात माहीत नसताना हा माणूस रंगमंचावरून आलाय असं सांगता येईल का? माझ्या मते येतं. मी स्वतः हौशी रंगभूमीवर कामं केली, त्याहून जास्त विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे अडलेल्या नटाला हळूच वाक्य सुचवायचं काम. हातात संहिता धरून दुसऱ्यांची कामं बघत बसलं की नजर वेगळीच तयार होते. त्या नजरेने नवखी पोरंही ओळखू येतात.

बहुतेक लोक आवाजावर जातात. खणखणीत बोलला की नाटकवाला! हे अर्धंच खरं. मालिकेत प्रत्येकाच्या कपड्यात माईक लपवलेला असतो, आवाज काय कुणाचाही येतो. ऐकायचंच असेल तर वाक्याचा शेवट ऐका. आपल्या भाषेत होकार-नकार वाक्याच्या शेपटीत असतो. "मी उद्या त्याच्याकडे जाणार" इथपर्यंत काहीच ठरत नाही, पुढे "आहे" येतं का "नाही" त्यावर सगळा प्रवेश उभा. कॅमेऱ्यापुढेच वाढलेली पुष्कळ मुलं भावना पहिल्या दोन शब्दांत ओततात आणि शेवट गिळून टाकतात. नाटकात शेवट गिळला तर बाल्कनीतून आवाज येतो, आणि तो ऐकायला फार काही गोड नसतो. एकदा ती सवय लागली की माईक असो नसो, शेवटचा शब्द पडत नाही.

2019 साली 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली तेव्हा नायिका आसावरीचे ते करडे सासरे, म्हणजे रवी पटवर्धन, ऐंशी ओलांडलेले होते. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी रत्नाकर मतकरींचं 'आरण्यक' पुन्हा रंगमंचावर आलं होतं आणि त्यात पटवर्धन धृतराष्ट्र करत होते. तीच भूमिका त्यांनी 1974 साली मूळ प्रयोगांतही केलेली. दिलीप प्रभावळकर तेव्हाही विदुर होते आणि नव्या प्रयोगांतही विदुरच. धृतराष्ट्र करायचा म्हणजे नटाच्या हातून डोळे काढून घेतले जातात. मग राहतं काय? मान, हात आणि आवाज. आता मालिकेतले आजोबा आठवा. सुनेवर खेकसताना ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत पुष्कळदा, पण कुणाला ओरडताहेत, का ओरडताहेत, आणि आतून किती हललेत, हे सगळं त्या वाक्याच्या उतारात असायचं. 2020 च्या डिसेंबरात ते गेले.

पूर्वी हा ओळखायचा खेळच नव्हता म्हणा. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर जे दिसत ते सगळे नाटकातलेच. दुसरे आणणार कुठून? 'चिमणराव-गुंड्याभाऊ'तले प्रभावळकर आणि बाळ कर्वे, 'गजरा' या कार्यक्रमातली मंडळी, सगळी रंगमंचावरची. बातम्या देणारी भक्ती बर्वेसुद्धा 'ती फुलराणी'ची! 1999 ला अल्फा मराठीवर (म्हणजे आताची झी मराठी) 'आभाळमाया' आली, दैनंदिन मालिकांचा रतीब सुरू झाला आणि एवढी माणसं नाटकातून पुरेनात. तिथपासून सरमिसळ झाली, आणि आपल्याला काम लागलं.

आता माझा मुख्य मुद्दा. नाटकवाला त्याच्या स्वतःच्या वाक्याला ओळखू येत नाही, दुसऱ्याच्या वाक्याला ओळखू येतो.

मालिकेचं शूटिंग कसं चालतं ते थोडं सांगते, म्हणजे यातली गोम कळेल. आठवड्याला सहा-सहा भाग दाखवायचे. एकात जाहिराती वगळून साधारण वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक भाग हातावेगळा झालाच पाहिजे, नाहीतर बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपते आणि चॅनलचे फोन सुरू होतात. सीनचे कागद कित्येकदा सेटवरच हातात पडतात. आधी सगळ्यांचा मिळून एक शॉट, तो मास्टर, मग एकेकाच्या चेहऱ्याचे जवळून, ते क्लोज. तुमचा क्लोज लागतो तेव्हा समोरची नटी मेकअप रूममध्ये किंवा दुसऱ्या युनिटवर गेलेली असते. तिची वाक्यं सहायक दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून वाचतो. सासू घराबाहेर काढतेय, आणि ते वाक्य पंचविशीतला एक मुलगा किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचतोय. त्यावर तुम्ही कोसळायचं!

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? एक तयार चेहरा लावतात. धक्का बसल्याचा चेहरा, संतापाचा चेहरा. तीनदा झूम, तीनदा धडाम् असं संगीत. तो चेहरा कुठल्याही वाक्याला चालतो, आणि दिसतोही तसाच. ज्याने एकाच नाटकाचे शंभर-दोनशे प्रयोग केलेत त्याला मात्र वेगळीच सवय असते. समोरच्याचं तेच वाक्य त्याने शंभर वेळा ऐकलेलं असतं आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं असतं. तो वाक्य संपायची वाट बघत नाही. मधल्याच एखाद्या शब्दाला त्याच्यात काहीतरी हलतं.

एका मालिकेतलं सांगते. नाव सांगत नाही, कारण मालिका काही धड नव्हती. स्वयंपाकघर. सासू आणि थोरली सून कडाकडा भांडताहेत, कॅमेरा अर्थातच त्यांच्यावर. मागे ओट्याशी कामाला येणारी बाई मेथी निवडत बसलेली. तिला वाक्य एकही नाही. भांडणात धाकट्या मुलाचं नाव निघतं. बाईचा हात थांबतो, अगदी क्षणभर. मान वर नाही, डोळे मोठे करणं नाही. हात पुन्हा सुरू होतो, पण आता ती देठ पानांच्या ढिगात टाकते. एक, दोन. मग तिच्या लक्षात येतं आणि ती ते देठ उचलून परत टाकाऊत टाकते. या बाईला धाकट्याचं काहीतरी माहीत आहे, हे मला त्या दोन देठांनी सांगितलं. कथेत ते उघड व्हायला पुढे तीन आठवडे गेले! दिग्दर्शकाने हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो. ही तालमीची कमाई. मी त्या मुलीचं नाव शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. श्रेयनामावली बोटभर जागेत धावत गेली आणि तिच्यात ती नव्हतीच.

दुसरी खूण वजनाची. मालिकेत बॅगा रिकाम्या, घागरी रिकाम्या, हंडे रिकामे. गावाकडची नायिका विहिरीवरून भरलेली घागर घेऊन येते आणि खांदे सरळ, चाल तुरुतुरु! पाणी भरलेलं कुणी पाहिलंच नाही का? रंगमंचावर तर नेहमीच सगळं खोटं असतं, त्यामुळे वजन अंगातून आणायची सवय लागते. घागर कमरेवर आली की विरुद्ध खांदा खाली जातो, पाऊल जरा बाहेर पडतं, खाली ठेवताना आधी श्वास सुटतो. पुढच्या वेळी घर सोडून जाणाऱ्या सुनेची बॅग बघा.

आता नवोदितांकडे येऊ. 2008 च्या अखेरीस स्टार प्रवाहवर 'अग्निहोत्र' सुरू झाली, सतीश राजवाडेंची. वाडा, आठ गणपती, तीन पिढ्या. पण मला ती आठवते ती पात्रयोजनेसाठी. एकीकडे विक्रम गोखले, मोहन आगाशे, मोहन जोशी, विनय आपटे, इला भाटे, शरद पोंक्षे. यांच्यातला कुणीही एकटा एखादा प्रयोग हाऊसफुल्ल करू शकेल असा. दुसरीकडे सिद्धार्थ चांदेकर, मृण्मयी देशपांडे, स्पृहा जोशी ही अगदी कोवळी पोरं, आणि मध्ये मुक्ता बर्वे, जिने तोवर 'फायनल ड्राफ्ट' आणि विनय आपटेंबरोबर 'कबड्डी कबड्डी' करून नाव मिळवलेलं. विक्रम गोखले पॉज घेत. तो पॉज मराठी माणसाला पाठ आहे. समोरच्या नवख्याची कसोटी तिथेच लागायची. गोखले थांबले की कच्चा नट घाबरतो, त्याला वाटतं आपलं वाक्य राहिलं. किंवा तो त्या पॉजमध्ये स्वतःचं काहीतरी करून घेतो, केस सावर, ओठ चाव. पक्का होणारा नट काहीच करत नाही. नुसता थांबतो, पण गैरहजर होत नाही. 'अग्निहोत्र'मधली ही पोरं थांबायला शिकत होती आणि ते भागागणिक दिसत होतं. स्पृहा रुईया कॉलेजच्या एकांकिकांतून आलेली, वाक्य कुठे सोडायचं हे तिला आधीच येत होतं. मृण्मयी तर वर्षभरात 'कुंकू'ची नायिका झाली.

2015 ची 'दिल दोस्ती दुनियादारी' ही उलटी गोष्ट. तिथे सहाच्या सहा तरुण, वडीलधारं कुणी नाही. अमेय वाघ पुण्याच्या 'नाटक कंपनी' या नाट्यसंस्थेतला, 'गेली एकवीस वर्षं' हे नाटक करून आलेला. सुव्रत जोशी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातला. सखी गोखले म्हणजे मोहन आणि शुभांगी गोखले यांची मुलगी, पण मालिकेला नवी. 'माजघर', म्हणजे ते सहाजण राहतात त्या घरातले त्यांचे प्रवेश आठवा. एकाचं वाक्य संपतं तिथेच दुसरा उचलतो, मध्ये फट नाही, आणि तरी कुणी कुणावर चढत नाही. आम्ही तालमीत याला "क्यू पडू देऊ नका" म्हणतो. मालिका संपल्यावर त्यांच्यातल्या चौघांनी 'अमर फोटो स्टुडिओ' हे नाटक केलं, त्याला गर्दी का झाली हे वेगळं सांगायला नको.

मुंबई-पुण्याबाहेरचंही बघा. 2016 ची 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळ आकेरीला चित्रित झाली. "इसरलंय" म्हणणारा पांडू, प्रल्हाद कुडतरकर, स्वतः लेखक. मालवणी बोलीचा कान असा तयार असला की विनोद ओढूनताणून आणावा लागत नाही, तो बोलीच्या झोकातच येतो. आणि साताऱ्याकडच्या 'लागिरं झालं जी'तल्या जिजी, कमल ठोके. पेशाने शिक्षिका, निवृत्तीनंतर घराघरांत पोचल्या. वर्गात पन्नास पोरांचं लक्ष धरून ठेवणारी बाई, तिला वाक्याचा शेवट कसा टाकायचा हे मी काय सांगणार?

पण म्हणून नाटकातला तो चांगलाच, असं मी म्हणणार नाही. एकांकिका स्पर्धांची मी परीक्षक राहिले आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासूनचा. मुंबईत आयएनटीची, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरची स्पर्धा. 25 जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंग संस्थेची 'सवाई' एकांकिका स्पर्धा. या स्पर्धांनी महाराष्ट्राला नट पुरवले, यात वादच नाही. पण त्यांनी एक स्पर्धेचा आवाजही तयार केला. शेवटच्या पाच मिनिटांत थरथरणारा, परीक्षकांच्या टेबलाकडे तोंड केलेला. तोच आवाज क्लोजअपमध्ये आला की रिमोट शोधावासा वाटतो. शेवटच्या रांगेसाठी कमावलेला चेहरा दीड फुटांवरून बघायचा नसतो. हे ज्याला लवकर उमगतं तो टिकतो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या विनोदी कार्यक्रमवाल्यांची गोष्ट निराळी, ते एका दमात स्किट, म्हणजे छोटं प्रहसन करतात, ते जवळजवळ नाटकच.

वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते हेही सांगायला हवं. 'होणार सून मी ह्या घरची' घरोघरी पोचली आणि तिचा नायक शशांक केतकर 'गोष्ट तशी गमतीची' या नाटकात आला, त्याच मालिकेतल्या लीना भागवतांचा मुलगा होऊन. जाहिरातीत अमुक-तमुक 'फेम' छापलं की तिकिटं खपतात, त्यात वाईट काही नाही. मंगळवारी घोडबंदर रोडवर शूटिंग आणि रविवारी दुपारी डोंबिवलीला प्रयोग, अशी पुष्कळांची ओढाताण असते. मालिकेने घरभाडं निघतं, नाटकाने हत्यार परजून राहतं. दोन दिवसांचे वकील, इन्स्पेक्टर, गुरुजी कोण होतात? प्रायोगिक नाटकवाली मंडळी. म्हणून माझी एकच तक्रार आहे, आणि ती सगळ्याच वाहिन्यांकडे. त्या वकिलाचं नाव लिहा हो. वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा.

(श्रोत्यांतून एका काकांनी विचारले: "माझी नात कॉलेजात एकांकिका करते. मालिकेसाठी विचारणा आलीय. पाठवू का?")

काका, तुम्ही कोण पाठवणार, ती जाणारच! पण तिला तीन गोष्टी विचारायला सांगा. महिन्याचे किती दिवस हवेत, शनिवार-रविवार प्रयोगाला सोडणार का, आणि करार किती काळाचा. तिसरं लेखी घ्या. काम काय आहे म्हणालात, नायिकेची मैत्रीण? मग नाराज होऊ नका. मैत्रिणीला बोलायला कमी आणि ऐकायला भरपूर असतं. पहिल्या वर्षी तेच बरं. हां, मागून कुणीतरी हात वर केलाय, विचारा.