डाळिंबाची साल फेकण्याआधी हे बघा: घशासाठी गुळण्या, आल्याचा काढा आणि दिवाळीचं उटणं

(टेबलावर स्टीलची परात, त्यात डाळिंबाच्या ओल्या साली)

नमस्कार मंडळी. नवरात्र आलं की आपल्या कोल्हापुरात घराघरात फळांची रेलचेल असते. कुणाचे नऊ दिवसांचे उपवास, कुणाचे उठता-बसता, शिवाय अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे हातात फळांची पिशवी घेऊनच घरात शिरतात. सांगोल्याकडची डाळिंबं, मोसंबी, केळी. दाणे संपतात आणि साली जातात ओल्या कचऱ्याच्या डब्यात. मला आज ह्या सालींबद्दल बोलायचंय, कारण थंडीभर घरातल्या सगळ्यांच्या घशाला पुरतील एवढ्या गुळण्या ह्या एका परातीत आहेत.

(सालीचा तुकडा कॅमेऱ्याजवळ)

हा तुकडा बघा. बाहेरून तांबडा, आतून पिवळसर पांढरा. नख मारलं की बोट पिवळं होतं, आणि जिभेवर ठेवला की सगळं तोंड आवळून येतं. हा तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन काय करतं हे कोल्हापूरकरांना सांगायला लांब जायला नको, पायात बघायचं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात कमावतात. त्या पाण्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून ते कातडं कुजत नाही. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिनही प्रथिनांनाच धरतं, पण आपण ते पातळ काढ्यातून, मिनिटभरच घशाला लावतो. घशाचं सुजलेलं अस्तर थोडं आवळतं आणि खवखव काही वेळ कमी होते. आयुर्वेदात ही साल ग्राही, म्हणजे मल बांधणारी, मानतात, जुन्या बायका जुलाबावरही द्यायच्या. मी मात्र तुम्हाला फक्त गुळण्याच सांगणार आहे, पोटात घ्यायला नाही.

आता कृती. डाळिंब सोलायच्या आधी धुवायचं, नंतर नाही. डाळिंबावर फवारण्या भरपूर होतात आणि आपण वापरणार आहोत ती नेमकी सालच. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या मुकुटाच्या खाचेत माती बसलेली असते तीही काढा. काळे डाग पडलेली, आतून मऊ झालेली साल घ्यायचीच नाही.

मग बोटाच्या पेराएवढे तुकडे करून सुती फडक्यावर एकेक पसरायचे. ढीग करायचा नाही. दसऱ्यानंतरचं आपल्याकडचं ऊन ह्या कामाला उत्तम. दोन-चार दिवसांत तुकडा वाकवला की कडकन मोडायला लागतो. वाकला, चिवट लागला, तर अजून ओल आहे. सगळं काम ह्या एका परीक्षेवर आहे बघा. ओल राहिलेली साल बरणीत भरली की आतल्या आत बुरशी धरते, आणि बुरशी वरवर पुसून उरलेलं वापरणं हा उपाय नव्हे, ती बरणीच रिकामी करायची. म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये हा उद्योग करू नका. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, आठ-आठ दिवस उन्हाचं तोंड दिसत नाही, तेव्हा कपडे वाळत नाहीत तिथे साली काय वाळणार!

(स्टीलच्या पातेल्यात उकळताना)

गुळणीसाठी मूठभर सुकी साल, दोन कप पाणी. स्टीलचं पातेलं घ्या, लोखंडी कढई नको. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की पाणी शाईसारखं काळं होतं. मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवा, गाळा, कोमट होऊ द्या, चिमूटभर मीठ घाला. दिवसातून दोन-तीनदा गुळण्या करायच्या आणि थुंकायचं. ज्यांना गुळणी करून थुंकता येत नाही अशा लहान मुलांना हे द्यायचं नाही. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, रोज ताजं करा. आणि हे चहासारखं पीत बसू नका. टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, आणि आपल्या घरातल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं.

आता आलं. आल्याची साल आपण चमच्याने खरवडतो आणि टाकतो. तिच्यात स्वाद आणि तिखटपणा दोन्ही असतो. अडचण फक्त मातीची. आलं पाण्यात दहा मिनिटं भिजत घाला, जुन्या स्वच्छ ब्रशने घासा, मग सोला. ती साल, चार मिरे, तुळशीची पानं कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळायची, गाळायची, गॅस बंद केल्यावर आपला कोल्हापुरी गुळाचा खडा घालायचा. सर्दीत बरं वाटतं, मळमळीतही आल्याचा उपयोग होतो. पण गुळाबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण आपल्या जिल्ह्यात गुळावर सगळ्यांचा जीव आहे. गूळ गुऱ्हाळातला असो, सेंद्रिय असो, त्याने रक्तातली साखर वाढते. घरात मधुमेह असेल तर काढा बिनगुळाचा. रक्त पातळ व्हायची गोळी सुरू असलेल्यांनी रोज आल्याचा काढा घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि गुळाऐवजी मध घालणार असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्याचं बोटसुद्धा चाटवू नका. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, ती जिवावर बेतते.

संत्र्या-मोसंब्याच्या सालीचं थोडक्यात सांगते. धुवायची, तशीच कडकडीत वाळवायची, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करायची. एक वाटी मसूर डाळीचं पीठ, पाव वाटी ही पूड, चिमूटभर हळद: नरक चतुर्दशीच्या पहाटेचं उटणं तयार. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका. ओली लिंबाची फोड मात्र तोंडावर चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की कातडीला भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

(सरळ कॅमेऱ्याकडे)

आता लसूण. कान दुखला की लसूण तळून तेल कानात सोडायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. कृपा करून सोडू नका. कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं, आणि भोक आहे की नाही हे घरी बघता येत नाही. तसंच कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर महिनाभर ठेवतात, तेही बंद करा. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझमच्या जिवाणूंना तेच हवं असतं. वासावरून, चवीवरून काही कळत नाही. आणि भाजलं तर बटाट्याची साल नाही, केळ्याची नाही, टूथपेस्ट नाही. नळाचं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं.

घसा तीन-चार दिवसांत उतरला नाही, ताप चढला, गिळताना लाळ गळायला लागली किंवा श्वास लागला तर गुळण्या बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय असो नाहीतर गल्लीतले डॉक्टर, वेळ घालवू नका.

उकळून गाळलेल्या साली गार झाल्यावर कुंडीतल्या मातीत मिसळा. मीठ गाळल्यानंतरच घालायचं, म्हणजे ते कुंडीत जाणार नाही. आणि सुक्या सालीच्या बरणीवर कागदाची पट्टी लावून महिना लिहा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर जे उरेल ते काढून टाका, दसऱ्याला नवीन साली मिळतातच.