सोसायटीच्या पार्किंगमधली जिप्सी

बसा बसा, पुढे जागा आहे. आवाज येतोय ना मागे? तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिप्सीखाली आडवा पडलेला असतो. कमिटीची दोन पत्रं आलीयेत, एक तेल सांडल्याबद्दल आणि एक ग्राइंडरच्या आवाजाबद्दल, दोन्ही बरोबर होती.

गाडी 1998 ची मारुतीची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. 2016 मध्ये घेतली. जिप्सी आपल्याकडे आली 1985 च्या शेवटी, 970 सीसीचं इंजिन आणि चार गिअर, मग 1996 ला किंग आली तेराशे सीसी आणि पाच गिअरची, 2000 मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शनवाली झाली. पण खालची गाडी शेवटपर्यंत तीच राहिली बघा, शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल आणि चारही कोपऱ्यात कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. म्हणूनच ती घरी उघडता येते. 12, 14 आणि 17 चे पाने असले की बरीचशी गाडी सुटते, लॅपटॉप लागत नाही.

आता मी काय शहाणपणा केला ते सांगतो. गाडी घेतली आणि पहिला खर्च कशावर, तर लिफ्टवर, म्हणजे गाडी उंच करण्यावर. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात, ते काढून अ‍ॅक्सलच्या वर बसवायचे, म्हणजे गाडी चार-पाच इंच उचलली जाते. नवा पाटा लागत नाही, फक्त बैठका वेल्ड करायच्या, स्वस्त वाटतं. एका वेल्डरकडून करून घेतलं, फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. आणि मग बिलं यायला लागली. गाडी वर गेली पण स्टिअरिंगचा रॉड तिरका झाला, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळायचं, मी हात न हलवता. ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलला, साठच्या पुढे गाडी थरथरायची आणि शाफ्टचे सांधे, म्हणजे क्रॉस, गेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा एका चढावर मागचं एक चाक हवेत लोंबकळत होतं, सहज वाकून बघितलं तर ब्रेकचा रबरी होज वीणेच्या तारेसारखा ताणलेला. तो तुटला असता तर आज हे व्याख्यान दुसऱ्या कोणीतरी दिलं असतं.

बरं एवढं करून अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच! हे कोणी आधी सांगत नाही. लिफ्टने बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल नाही. दगड लागतो तो त्या गोळ्याला, आणि तो वर उचलायला एकच उपाय, मोठं टायर. कंपनीचं टायर 205/70 आर 15, त्याचा व्यास निघतो 668 मिलिमीटर. 235/75 आर 15 घेतलं तर 733. फरक 65, पण जमिनीपासून उंची मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास. आणि त्याबदल्यात गिअरिंग दहा टक्के लांब होतं, काटा साठ दाखवतो तेव्हा तुम्ही सहासष्टने चाललेले असता, आणि तेराशेचं इंजिन ताम्हिणी घाटात पाचवा गिअर नको म्हणतं. टायरचं गणित मी फुकट करून बघितलं असतं कागदावर, पण नाही, आधी वेल्डर गाठला.

तर दोन वर्षांनी सगळं उलटं केलं, पाटे परत अ‍ॅक्सलच्या खाली. त्यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आरसी बुकात कंपनीने दिलेलं जे आहे त्यात बदल करायचा नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. पुढे लावतात ते लोखंडी बुलबार, ते चालणार नाहीत असं तर केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलंय. माझी गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी, दर पाच वर्षांनी फिटनेस करून घ्यायला जायचं असतं, तिथे ही उंच गाडी घेऊन उभं राहायची माझी तरी हिंमत नव्हती.

मग प्रश्न असा की जिप्सी उड्या मारते त्याचं काय. इथे बसलेल्या जिप्सीवाल्यांना माहितीये, मागे बसलेला माणूस परत बसत नाही. माझ्या मते निम्म्या गाड्यांना नवीन सस्पेन्शन नको असतं, त्यांचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. सगळे पाटे एकमेकांवर सरकायला पाहिजेत, ते सरकत नाहीत, सगळा मिळून एक जाड लोखंडी ठोकळा होतो. तो उघडून साफ करणं हे घरचं काम आहे, दोन रविवारचं.

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात बोटं जातात. शुक्रवारपासून, पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारत राहा. रविवारी गाडी उचलून चेसिसखाली जॅक स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, विटांवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. मग चाक काढा, अ‍ॅक्सलला खालून दुसऱ्या जॅकचा टेकू द्या, शॉक अ‍ॅब्जॉर्बर सोडवा, यू-बोल्ट, शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला झुलतं जोडणारी पट्टी, दुसऱ्या टोकाची पिन, पाट्यांचा गठ्ठा बाहेर. आता मधला सेंटर बोल्ट सोडायच्या आधी गठ्ठा दोन सी-क्लॅम्पमध्ये घट्ट आवळा, कारण पाटे वाकवून बांधलेले असतात, बोल्ट निघाला की ते सुटतात आणि समोर तुमचं तोंड असतं. क्लॅम्प हळूहळू ढिले करायचे. प्रत्येक पाटा वायर ब्रशने घासायचा, चष्मा लावून. पाट्याचं टोक वरच्या पाट्यात खाचा पाडतं, ते टोक ग्राइंडरने गोल करायचं. तडा गेलाय का ते सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्याजवळ, म्हणजे डोळ्याजवळ बघायचं, तडा असेल तर तो पाटा भंगारात, वेल्ड करायचा नाही. मग ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर आणि नवा सेंटर बोल्ट.

डोळ्यातले रबरी बुश नवीन घाला, ते फार महाग नसतात, पण रबराला ते ग्रीस लावू नका, रबर फुगतं. आणि एक गोष्ट जी मला तिसऱ्या सेटनंतर कळली, शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मग आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि चार महिन्यांत फाटतं. यू-बोल्ट नवेच घ्यायचे, आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावायचा, ते थोडे ढिले झालेले सापडतातच.

एवढं झाल्यावर बायको पहिल्यांदा म्हणाली, की गाडीत काहीतरी वेगळं वाटतंय. ही मी तारीफ समजतो.

काय? हो, ताई विचारतायत की स्टिअरिंग थरथरतं, अलाइनमेंट करून झालं. आधी घरी बघा. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा, बारा आणि सहा वाजता धरतो तसं. खेळ लागला तर एकतर व्हील बेअरिंग नाहीतर ज्यावर चाक वळतं त्या किंगपिनचं बेअरिंग. कोणतं ते कळायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. मग नऊ आणि तीनला धरून हलवा, तिथे टाय रॉडचे एंड कळतात. या दहा मिनिटांच्या कामाशिवाय पार्ट विकत घेणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता औषध घेणं. मी सगळं बदललं होतं एकदा, टाय रॉड, डॅम्पर, सगळं, आणि निघालं किंगपिन.

पार्ट कुठे घ्यायचे तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. हत्यारं जुनी चालतात, उलट जुने पाने चांगले असतात. पण ब्रेकचं काहीही, होज, व्हील सिलिंडर, लायनर, जुनं घ्यायचं नाही, आणि बिल मागायचं, चोरीच्या गाडीचा पार्ट आपल्या गाडीवर नको.

आता पाण्याबद्दल, कारण पावसाळ्यात सगळे ओढ्यात जातातच, नाही म्हणून उपयोग नाही. तासभर चाललेला अ‍ॅक्सल गरम असतो, तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर म्हणजे हवा जायच्या भोकातून, सीलमधून पाणी आत ओढते. पुढच्या वेळी डिफरन्शियलचा नट उघडाल तर तेलाच्या जागी चहा निघतो, दुधाचा. उपाय काय, तर ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो वर इंजिनच्या खोलीपर्यंत न्यायचा आणि क्लिप लावायची. मागच्या अ‍ॅक्सलचा लांब जातो, चेसिसला धरून न्या, सायलेन्सरपासून लांब. माझ्या सगळ्या मॉडिफिकेशनमध्ये सगळ्यात स्वस्त हेच, आणि लिफ्टने जेवढं वाटोळं केलं तेवढं याने वाचवलंय. ओढ्यातून आल्यावर मागचे ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढायचा, एवढंच. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका, हवेच्या वाटेने पाणी आत गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, प्लग काढा, मग सेल्फ मारून पाणी बाहेर फेकू द्या.

लाइटचं घाईत सांगतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून फिरून येतो. इंजिन चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा, चौदा व्होल्टच्या आसपास येईल, मग बल्बच्या मागे मोजा, माझ्याकडे अकरा यायचे. दोन रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच, थोडी जाड वायर आणि फ्यूज, त्याच बल्बचा उजेड डोळ्याला कळेल इतका वाढला. शंभर वॅटचे बल्ब घालायचे नाहीत, वायरिंग वितळतं आणि समोरचा शिव्या घालतो ते वेगळं.

सगळ्यात शेवटी, विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र बघायला आलेले काही लोक दिसतायत. माझ्याकडे विंच नाही. माझ्याकडे हवेचा गेज आहे आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर. चिखलात किंवा वाळूत टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत आणली की टायर पसरतं, अडकलेली गाडी बहुतेक वेळा तेवढ्यावर निघते. डांबरीवर यायच्या आधी परत भरायची, विसरलात तर टायर रिमवरून उतरेल. जिप्सी खाली गेटजवळ लावलीय, वॉचमनला सांगितलंय, ज्याला पाटे बघायचेत त्याने जुना शर्ट घालून यायचं होतं पण असू दे, टॉर्च आहे माझ्याकडे.