घरच्या सीएनसीची थरथर: आधी खूण मोजा, मग पाना उचला

(नागपुरात सुतार, वर्कशॉपवाले आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी मला गाठून एकच विचारलं, "सर, मशीन थरथरतं, मोटर मोठी टाकू का?" नका टाकू. मोठी मोटर म्हणजे हलणारं वजन वाढलं, धक्काही वाढला. आधी थरथर कुठून येते ते तरी कळू द्या.

तुमची सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारी मशीनं, मला ठाऊक आहेत. फ्रेम स्क्वेअर पाइपची, हिंगण्याच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड केलेली. गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून सरकणारी आडवी कमान, ॲल्युमिनियमची. मोटर, ती चालवणारा ड्राइव्ह आणि कापणारा बिट फिरवणारा 2.2 किलोवॅटचा स्पिंडल ऑनलाइन मागवलेला. काम म्हणजे देव्हारे, दाराच्या पट्ट्या, नावाच्या पाट्या. लाकूड लाकडगंजातून आणलेलं, आणि गिऱ्हाईक हौशी असेल तर आलापल्लीचं सागवान. एवढ्या महागड्या फळीवर बारीक लाटा उमटल्या की जीव खालीवर होतो, आणि माणूस हाताला येईल तो बोल्ट आवळत सुटतो. पण त्या लाटांतच उत्तर असतं.

खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरच्या उजेडात न दिसलेल्या लाटा आता सावलीसकट उठून दिसतील. कॅलिपरने एक लाट मोजू नका, चुकाल. दहा लाटांचं अंतर घ्या आणि दहाने भागा. समजा, सव्वा मिलिमीटर आलं. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, होता मिनिटाला 3000 मिमी, म्हणजे सेकंदाला 50 मिमी. 50 भागिले 1.25, म्हणजे 40. कुठली तरी वस्तू सेकंदाला 40 वेळा हलतेय.

आता स्पिंडलकडे बघा. 18000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 300 फेरे. दोन फ्लूटचा, म्हणजे दोन धारांचा, बिट असेल तर सेकंदाला 600 घाव. याच फीडला दोन घावांमधलं अंतर येतं 0.083 मिमी. रनआउटमुळे, म्हणजे बिट मध्य सोडून किंचित वाकडा फिरल्यामुळे, एकच फ्लूट कापत असला तरी 0.17च्या आत. म्हणजे मिलिमीटरभर अंतराच्या लाटा बिटच्या फिरण्यातून येऊच शकत नाहीत. तरी लोक बिटवरच खापर फोडतात आणि नवा मागवतात! 40 हर्ट्झला डोलणारी वस्तू जड आणि लवचिक असते. ती गॅन्ट्री असेल, झेडची, म्हणजे स्पिंडल वरखाली नेणारी, प्लेट असेल, नाहीतर सगळं टेबलच.

खात्री करायची तर तीच रेघ निम्म्या फीडने कापा. लाटांचं अंतर निम्मं झालं, तर वस्तू आपल्याच ठरलेल्या तालात हलतेय. अंतर तेवढंच राहिलं, तर मामला वेगळा. मग ती थरथर नव्हे, फिरणाऱ्या भागाची चूक आहे. अक्ष सरकवणारा 1605 बॉल स्क्रू, म्हणजे 16 मिमी जाडीचा, एका फेऱ्यात 5 मिमी सरकवतो, म्हणून बरोबर 5 मिमीवर पट्टे आले की वाकलेला स्क्रू, तिरकं बसलेलं कपलिंग (मोटर आणि स्क्रूचा जोड) किंवा ढिला बेअरिंग ब्लॉक तपासा. रॅक-पिनियनवाल्यांनी, म्हणजे दातेरी पट्टीवर चाक चालवणाऱ्यांनी, 3.14 मिमी शोधावं, मॉड्यूल 1 या मापाच्या दातांमधलं अंतर तेवढंच असतं. जीटी2 बेल्टवर 20 दातांची पुली असेल, तर मोटरच्या एका फुल स्टेपचं, म्हणजे फेऱ्याच्या 200व्या भागाचं, अंतर 0.2 मिमी, आणि तेही टॉर्चच्या उजेडात दिसतं.

तिसरी खूण कोपऱ्यातली. बिट कोपरा वळला की पुढच्या पाच-सात लाटा ठळक, आणि मग विरत जातात. हा ॲक्सिलरेशनचा धक्का. जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर 120, 121, 122 या ॲक्सिलरेशनच्या सेटिंग्ज निम्म्यावर आणून बघा. वेळ थोडा जास्त लागेल, पण खर्च शून्य.

आता फ्रेम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरी केलेल्या मशीनचा खरा रोग बहुधा इथेच निघतो. डायल गेजचा, म्हणजे बारीक सरक मोजणाऱ्या सुईच्या घड्याळाचा, मॅग्नेटिक स्टँड बेडला, म्हणजे टेबलाला, चिकटवा. बेड लाकडी असेल तर एक लोखंडी पट्टी बोल्टने आवळून घ्या. सुई स्पिंडलच्या नाकावर टेकवा. साधा ताणकाटा अडकवून 10 किलोने आडवं ओढा. डायल 0.1 मिमीच्या आत राहिला तर लाकडासाठी मशीन बरं आहे. अर्धा मिलिमीटर गेला तर बसून बोलायला हवं. पण तिथेच थांबू नका. तेवढीच ओढ ठेवून सुई वर सरकवत न्या. स्पिंडलचा क्लॅम्प, झेडची प्लेट, रेलवर सरकणारा लिनियर ब्लॉक, गॅन्ट्रीचा पाइप, शेवटी बाजूचे खांब. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथे तुमचा पैसा घाला. बाकी सगळं जसंच्या तसं राहू द्या.

बहुतेक वेळा आकडा पडतो गॅन्ट्रीच्या पिळात. स्पिंडल गॅन्ट्रीच्या पुढे लोंबतो, खाली बिट लोंबतो, आणि ओढ आली की पाइप पिळतो. चॅनेल किंवा एंगल कितीही जाड घेतला तरी पिळाला तो कच्चाच, कारण तो उघडा. बंद चौकोनी पाइप त्याच वजनात कित्येक पट ताठ. चॅनेल लावूनच बसला असाल तर उघड्या बाजूला पाच मिमीची पट्टी सलग वेल्ड करून पेटी बंद करा. ॲल्युमिनियमपेक्षा लोखंड जवळजवळ तिप्पट ताठ आहे, हेही हिशेबात धरा.

पाइपात रेती भरावी का? खालच्या फ्रेममध्ये खुशाल भरा. कन्हानची रेती मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळवा, ठोकून ठोकून भरा, तोंडं बंद करा. थरथर लवकर विरते, पण ताठपणा वाढत नाही, ते काम स्टीलचंच. गॅन्ट्रीत मात्र भरू नका. हलतं वजन वाढलं की ती आणखी सावकाश आणि आणखी जोरात डोलते. मशीनखाली जाड रबर ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो, त्याने शेजाऱ्यांना झोप लागते, फळीवर फरक पडत नाही.

फ्रेम ठीक आहे, तरी खोल कट घेताना मशीन किंचाळतं, हा प्रकार निराळा, याला चॅटर म्हणतात. अमेरिकी इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी 1907 मध्येच लिहून ठेवलं होतं, की यंत्रकामातली सगळ्यात गूढ अडचण हीच. 1950च्या दशकात टोबायस आणि टलस्टी या संशोधकांनी तिचा उलगडा केला. पहिला दात लाट सोडून जातो, पुढचा दात त्या लाटेवरून जाताना उसळतो आणि ती आणखी खोल करतो. मुरमाच्या रस्त्यावर प्रत्येक गाडी आधीचे आडवे खड्डे वाढवत जाते ना, तसंच. म्हणून आरपीएम हजार-दोन हजारने बदलला की कधीकधी आवाज एकदम थांबतो, दात आणि जुनी लाट यांचा मेळ बदलतो. तेवढ्याने भागलं नाही तर बिट कोलेटमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चिमट्यात, आणखी आत घ्या. बाहेरची लांबी निम्मी केली की वाकणं आठव्या हिश्शावर येतं. कोलेटही पुसा, सागाचा तेलकट भुसा आत साचतो. आणि सागात सिलिका असते, धार लवकर मरते, बोथट बिट कापण्याऐवजी ढकलत बसतो.

मोटरचं थोडक्यात. स्पिंडल बंद ठेवून अक्ष हळूहळू वाढत्या फीडने पळवा. स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरून अक्ष सरकवणारी मोटर, साधारण सेकंदाला 100 ते 200 फुल स्टेपवर घुमते, 5 मिमीच्या स्क्रूवर ते मिनिटाला 150 ते 300 मिमी फीडला येतं, आणि बारीक नक्षीत मशीन सतत त्याच वेगातून जातं. मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका स्टेपचे तुकडे, 8 किंवा 16 ठेवा. लांब स्क्रूवाल्यांनो, सव्वा मीटरचा 1605 स्क्रू मिनिटाला 6000 मिमीच्या रॅपिडला, म्हणजे न कापता पळताना, 1200 आरपीएम फिरतो, त्या लांबीला तो मध्यभागी झोल खाऊ लागतो. 10 मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात 10 मिमी सरकवणारा, स्क्रू घ्या, फेरे निम्मे होतील.

शेवटी आपल्या गावची एक गोष्ट. जानेवारीच्या पहाटे 10 अंश, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली 45च्या वर. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं, लोखंड 12. पस्तीस अंशांच्या फरकात मीटरभर गॅन्ट्री आणि तिच्यावरची स्टीलची रेल यांच्यात जवळजवळ 0.4 मिमीची ओढाताण. बोल्ट सरकतात, रेल बाक धरते, ब्लॉक एका टोकाला जड आणि दुसऱ्याला सैल चालतो. थंडीत जुळवलेलं मशीन होळीनंतर खडखडू लागतं ते यामुळेही असतं. एप्रिलमध्ये रेलचे बोल्ट सैल करा, ब्लॉक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने पुन्हा आवळत जा. आणि कूलरचा झोत रेलवर येत असेल तर त्याचं तोंड फिरवा.