खाणीनंतरची जमीन आणि आजीची पहार

नमस्कार, श्रोतेहो. मिरग दारात आलाय. तुमच्याकडे तरव्याची, म्हणजे लावणीसाठी भाताची रोपं तयार करायची, गडबड सुरू झाली असेल. आज मी बोलणार आहे ते मात्र तरवा पेरायचं कुणाच्या मनातही येत नाही अशा जमिनीबद्दल, म्हणजे खाण संपलेल्या जमिनीबद्दल. आपल्या कोकणातच बघा, रेडी आणि कळण्याचं लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, दापोली-मंडणगडाकडचं बॉक्साइट आणि गावोगावच्या चिरेखाणी. खनिज गेलं, चिरा गेला, मागे जमीन राहिली. ती पुन्हा हिरवी होईल का, हे ठरवायला आधी माती तपासावी लागते.

आणि माती तपासायची म्हणजे खालची सुद्धा. हे मी आज दोन-तीनदा सांगणार आहे, कारण मला ते फार महागात कळलं.

नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. सिंधुदुर्गातल्या एका गावात खाणीच्या टाकाऊ मातीचा ढिगारा सपाट करून त्यावर अर्धा फूट तांबडी माती पसरली होती. तिथे काजूची कलमं लावायचं ठरलं. मी नमुना घेतला, अगदी पद्धतशीर. नागमोडी चालत दहा ठिकाणी व्हीच्या आकाराचे खड्डे घेतले, माती एकत्र केली, चार भाग करत करत अर्धा किलोवर आणली आणि कापडी पिशवीत भरली. अहवाल आला. सामू, म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा, साडेपाच. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कस, बरा. काजूला चालण्यासारखी माती. मी सही केली.

पावसाळाभर कलमं टवटवीत होती. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली आणि शिमग्यापर्यंत बहुतेक कलमं वाळली.

मी बांधावर उभा होतो. खालच्या मळ्यातली आजी वर आली, हातात पहार. त्या ढिगाऱ्याचा गाळ दर पावसात तिच्या भातात उतरायचा, त्यामुळे ती जमीन तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तिने पहार उचलली आणि घातली. वीतभर मऊ गेली आणि मग टण्ण! हाताला झिणझिण्या याव्यात असा आवाज.

"झिला," ती म्हणाली, "पाणी खंय जातला?"

तिने एक वाळलेलं कलम उपटून माझ्या हातात दिलं. ते मूळ मी अजून विसरलो नाही. सोटमूळ वीतभर सरळ उतरलं होतं आणि तिथून काटकोनात वळून आडवं पसरलं होतं. टोक काळं, कुजलेलं. पावसात ते साचलेल्या पाण्यात बुडालं होतं आणि उन्हाळ्यात त्याला खालची ओल गाठता आली नाही.

मग आम्ही तीन फूट खोल चर खणला. वर तांबडी भुसभुशीत माती, तिच्याखाली जांभळट करडा थर, एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांसारखा. नख रुतत नव्हतं. गांडुळाचं एकही बीळ नव्हतं. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, हवेला आणि पाण्याला. इथे ओल्या चिकणमातीवरून डंपर फिरून फिरून ती पोकळी बंद झाली होती. माझा नमुना खरा होता, पण तो बाहेरून आणून पसरलेल्या मातीचा होता. मी गादी तपासली, खालची फरशी पाहिलीच नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, खालची माती पाहा. वरच्या अर्ध्या फुटाचा एक नमुना आणि खालचा वेगळा नमुना. दोन्ही एकत्र करू नका. खताच्या रिकाम्या पिशवीत तर मुळीच भरू नका. आणि फूटभर खड्ड्यात पाणी ओतून ठेवा. दुसऱ्या सकाळीही ते तसंच असेल तर तिथे झाड लावायची घाई नको.

पाणी जिरण्यावरून आठवलं, गावागावांत घरापुढची मातीची खळी मोडून पेव्हर ब्लॉक बसवायची जी लाट आलीय ती मला अजिबात पटत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात आपण आपल्याच हातांनी जमिनीचं तोंड बंद करतोय. असो.

आपली जांभ्याची माती मुळात आंबट. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद, म्हणजे झाडाला लागणारं फॉस्फरस, धरून ठेवतं, झाडाला देत नाही. खाणीच्या मातीत सेंद्रिय कर्ब जवळपास नसतोच, त्यामुळे हा त्रास वाढतो. आंबटपणा कमी करायला चुना किती घालायचा ते अहवाल बघून ठरवा, अंदाजाने नको. आणि नवी खाण सुरू होत असेल तर वरची माती आधी वेगळी काढून ठेवायला लावा, ढीग बुटका ठेवा, लवकर परत वापरा. उंच ढिगात वर्षानुवर्षं पडलेल्या मातीतले जीव मरतात. एका गुंठ्यावर अर्धा फूट माती पसरायची तर साडेपाच ब्रासच्या आसपास लागते, श्रोतेहो. ही माती मागाहून आणायची ती कुणाच्या शेतातून?

त्या जागेवर पुढच्या मे महिन्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, पोकलेनला दाता लावून खालचा थर फोडला. ओला असताना फोडला तर तो नुसता चिरतो, फुटत नाही. मग ताग पेरून फुलायच्या आधी गाडला. दोन पावसाळे ताग. झाड एकही नाही. लोक विचारायचे, ऑस्ट्रेलियन बाभूळ का लावत नाही, झटपट हिरवं दिसेल. हिरवं दिसतं, खरं आहे. पण तिच्याखाली आपलं गवतही धड येत नाही, आणि मला तिथे करंज आणि ऐन हवे होते.

तिसऱ्या वर्षी, पहिल्या सरीनंतर, आजीला बोलावलं. तिने पहार घातली. हातभर आत गेली, आवाज न करता. ती वाकली, भोकात बोटं घालून ओल पाहिली आणि म्हणाली, "आता लाव."

नमस्कार.