बाळाच्या उत्तराची वाट पाहताना

श्रोतेहो, नमस्कार.

पोट भरलेलं आहे, झोप झालेली आहे, दुपटं कोरडं आहे, अशा वेळी सहा-आठ आठवड्यांच्या बाळाला समोरासमोर मांडीवर घ्या. मानेखाली हाताचा आधार असू द्या. तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतरावर ठेवा. पहिल्या आठवड्यांत बाळाला एवढ्या अंतरावरचं सगळ्यांत नीट दिसतं, पलीकडचं धूसर असतं. आता एकच छोटं वाक्य बोला. हळू, जरा वरच्या पट्टीत. आणि गप्प राहा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

हातपाय झाडणं थांबेल. भुवया वर जातील, ओठांचा चंबू होईल, जीभ पुढेमागे हलेल, आणि मग कुठे एखादा "अंऽऽ" निघेल. हा हुंकार म्हणजे तुमच्या वाक्याचं उत्तर. आपण मात्र बहुधा चौथ्या आकड्यालाच धीर सोडतो, दुसरं वाक्य बोलतो किंवा खुळखुळा वाजवतो, आणि ओठांवर आलेला त्याचा हुंकार तिथेच विरतो. आज मला या आळीपाळीबद्दलच बोलायचं आहे, कारण पहिल्या दोन वर्षांत बाळाचं मन घडतं ते मुख्यतः या देवाणघेवाणीतून.

ही देवाणघेवाण बाळाला किती हवी असते, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवलं. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोन-तीन मिनिटं ती त्याच्याकडे बघते, पण चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं. आईला पुन्हा खेळात ओढण्याचे त्याला ठाऊक असलेले सगळे उपाय ते करून पाहतं. काहीच जमलं नाही की नजर वळवतं, अंग आक्रसून घेतं, काही बाळं रडू लागतात. म्हणजे काही महिन्यांचं बाळसुद्धा समोरच्याकडून प्रतिसादाची अपेक्षा धरून असतं.

हे ऐकून आईवडील धास्तावतात. दूध उकळायला ठेवलंय, फोन वाजतोय, दर वेळी प्रतिसाद कुठून द्यायचा? याचंही उत्तर ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत आहे. सगळं सुरळीत असलेल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळ एका सुरात असतात ते सुमारे ३० टक्के वेळच. बाकीचा वेळ चुकामूक असते: बाळाला थांबायचं असतं आणि आई खेळवत असते, किंवा उलट. फरक पडतो तो चुकामूक झाल्यावर पुन्हा सूर जुळतो की नाही याने. सूर तुटला तरी पुन्हा जुळतो, हे बाळ दिवसातून शेकडो वेळा अनुभवतं आणि त्यातूनच धीर धरायला शिकतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण परिपूर्ण पालक होण्याचं ओझं ती उतरवते.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. खेळता खेळता बाळ मान फिरवतं. आपल्याला वाटतं ते कंटाळलं, म्हणून आपण त्याच्या तोंडासमोर जाऊन टाळ्या वाजवतो, आवाज चढवतो. प्रत्यक्षात ते दम खात असतं. एवढ्या लहान मेंदूला चेहरा, आवाज, स्पर्श हे सगळं एकदम झेपत नाही आणि नजर वळवणं हाच त्याच्या हातातला लगाम असतो. तेव्हा आपणही गप्प व्हायचं, चेहरा शांत ठेवायचा आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने ते आपणहून वळतं. नजर वळवूनही आपण थांबलो नाही, तर जांभया, उचक्या, बोटं फाकवणं, पाठ ताणणं आणि शेवटी रडं, असं वाढत जातं.

भाषेचंही तसंच. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मराठी कानाला विशेष रंजक वाटेल. 'त' आणि 'ट' हा आपल्याला सहज कळणारा भेद इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना ऐकूच येणं कठीण जातं. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता येत होता, आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच ओसरली होती. कानावर जी भाषा पडते, तिच्यासाठी बाळ कान तयार करतं आणि बाकीचे भेद सोडून देतं.

मग टीव्ही लावून ठेवला तर चालेल का? पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनिभेद कळू लागले. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तेव्हा मात्र काहीच शिकणं झालं नाही. बाळाने हुंकार दिला म्हणून पडदा थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही एक वर्षाखालच्या बाळांना पडदा अजिबात नको असाच आहे.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ एकदम बदलतं. कालपर्यंत कुणाकडेही जाणारं बाळ आज अनोळखी चेहरा दिसला की कडेवर घट्ट बिलगतं. घरचे म्हणतात, लाडावलंय. खरं तर ही प्रगती आहे: आपलं माणूस आणि परकं माणूस हा फरक पक्का झाला, आणि दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी आहे हेही कळू लागलं. म्हणून ते शोधतं, रडतं. अशा वेळी बाळाचं लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप सटकू नका. रडं चुकतं खरं, पण आपलं माणूस कधीही नाहीसं होऊ शकतं हे बाळ शिकतं आणि पुढे क्षणभरही सोडत नाही. आधी सांगा, रोज तेच दोन शब्द वापरा, निघा, आणि परत आल्यावर आधी त्याला जवळ घ्या. 'कुऽऽक'चा खेळ म्हणजे याचीच छोटी तालीम.

मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांना आईपासून काही मिनिटं दूर ठेवून निरीक्षणं केली, तेव्हा त्या पाहत होत्या ते मुख्यतः आई परतल्यावर बाळ काय करतं हे. बिलगून, शांत होऊन पुन्हा खेळायला जाणारं बाळ आश्वस्त असतं. अजिबात न रडणाऱ्या आणि परतलेल्या आईकडे पाठ फिरवणाऱ्या बाळाला लोक 'शहाणं' म्हणतात, पण पुढच्या अभ्यासांत अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले आढळले.

आईच्या मनाची स्थितीही यातच आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, बाळाकडे पाहावंसंही न वाटणं हा आळस नव्हे. डॉक्टरांकडे जा, उपचार आहेत. बाळाचं रडं साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असतं. ते असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवा आणि काही मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

आणि कधी दाखवायचं? बारा महिने झाले तरी 'बाबा-दादा' असे आवाज नाहीत, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलणं नाही. किंवा आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात गेली, तर थांबू नका. कानांची तपासणी आधी करून घ्या. बाळ दोन महिने लवकर जन्मलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक टप्प्याचा हिशोब त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करूनच करा.